पत्रं कुणी राखली?



आपल्या चळवळीचा इतिहास दोन ठिकाणी पडलाय. एक सरकारी दप्तरात, दुसरा म्हाताऱ्यांच्या ट्रंकेत. सरकारी दप्तरात शिरायला पास लागतो, ओळख लागते, इस्त्रीचा शर्ट लागतो. ट्रंकेपाशी जायला यातलं काही लागत नाही, नुसतं जाऊन बसावं लागतं. नेमकं तेच आपण करत नाही. जयंतीला डीजे लावायला वर्गणी जमते. पण बाबासाहेबांनी कुणाला पत्रं लिहिली, ती कुणी जपली, कुणी छापली, कुठली वाया गेली, याची साधी यादी आपल्या एकाही शाखेत मी बघितली नाही.

मी सूतगिरणीत रिंग खात्यात काम करतो. शाळा नववीला सुटली. इंग्रजी शिकलो ते बाबासाहेबांच्या पत्रांवर. त्यांचे ग्रंथ जड जायचे, दोन पानांत झोप यायची, तिसऱ्या पाळीचा शीण अंगात असायचा. पत्र मात्र एका पानाचं. डिक्शनरी मांडीवर घेऊन एका रात्रीत एक पत्र संपायचं. एवढा मोठा माणूस पत्रात घरभाड्याबद्दल, छापखान्याच्या बिलाबद्दल, तब्येतीबद्दल, कार्यकर्त्यांच्या भांडणांबद्दल लिहितो, हे पाहिलं आणि मला पत्रांचं वेड लागलं. ही पत्रं माझ्यापर्यंत आली कशी, हा प्रश्न त्यातूनच निघाला.

पहिली गोष्ट ध्यानात घ्या. बाबासाहेबांच्या पत्रव्यवहाराचे पहिले प्रकाशक स्वतः बाबासाहेबच. डिसेंबर १९३५ मध्ये लाहोरच्या जात-पात-तोडक मंडळाच्या संतरामांनी त्यांना परिषदेचं अध्यक्षपद द्यायचं ठरवलं. येवल्याची घोषणा होऊन दोन महिनेच झाले होते. भाषण तयार झालं. मंडळाचे हरभगवान मुंबईला आले, भाषण पाहिलं, आणि मग पत्रं सुरू झाली. अमुक भाग गाळा, वेदांवरचा हल्ला इथं कशाला, हिंदू म्हणून हे शेवटचं भाषण असं म्हणू नका. २७ एप्रिल १९३६ ला बाबासाहेबांनी कळवलं की एक स्वल्पविरामही बदलणार नाही. परिषद रद्द झाली. दुसरा कुणी असता तर भाषण कपाटात ठेवून गप बसला असता. बाबासाहेबांनी ते स्वतःच्या खर्चानं छापलं, आणि नुसतं भाषण नाही छापलं. मंडळाशी झालेला पत्रव्यवहार पुस्तकाच्या सुरुवातीलाच घातला. वाचणाऱ्यानं आधी पत्रं वाचावीत, कोण बोलावतो आणि कोण मागं हटतो ते बघावं, आणि मग भाषणात शिरावं. दीड हजार प्रती दोन महिन्यांत संपल्या. १९३७ च्या दुसऱ्या आवृत्तीत गांधींची टीका आणि तिला दिलेलं उत्तर, दोन्ही जोडली.

दुसरं उदाहरण ठक्करबाप्पांना लिहिलेल्या पत्राचं. १४ नोव्हेंबर १९३२, जागा पोर्ट सैद, व्हिक्टोरिया जहाज. पुणे कराराला दोन महिनेही झालेले नाहीत. गोलमेज परिषदेला जाता जाता बाबासाहेब बोटीवर बसून अस्पृश्यता निवारण संघाला, म्हणजे पुढच्या हरिजन सेवक संघाला, कामाचा आराखडा लिहून पाठवतात. एकेका अस्पृश्याला सद्गुणी बनवायच्या नादी लागू नका, असं त्याचं सार. विहिरीवर, शाळेत, गावच्या चौकात हक्क मिळवून द्यायची मोहीम काढा; कामाला आमच्यातली माणसं घ्या. बाबासाहेब सांगतात, सूचना मान्य होणं दूरच, पत्राची साधी पोचही आली नाही. तेरा वर्षांनी, १९४५ साली, काँग्रेस आणि गांधींनी अस्पृश्यांसाठी काय केलं हा हिशेब मांडताना त्यांनी ते पत्र पुस्तकात अख्खं छापलं. म्हणजे तेरा वर्षं त्याची प्रत जपून ठेवली होती. समोरचा उत्तर देत नसेल तर पत्राची प्रत ठेवायची आणि वेळ आली की जगापुढं मांडायची, ही बाबासाहेबांची रीत. आपले पोरगे तहसीलदाराला निवेदन देतात आणि त्याची झेरॉक्ससुद्धा काढून ठेवत नाहीत.

आता बाबासाहेबांनी छापलेली पत्रं बाजूला ठेवू. छापण्यासाठी लिहिलीच नव्हती अशी शेकडो पत्रं होती. ती कुणी राखली?

विद्यापीठांनी काही राखली. कोलंबियाचे प्राध्यापक सेलिग्मन यांना लिहिलेली पत्रं त्या विद्यापीठाच्या संग्रहात आहेत. अमेरिकेतले काळ्या लोकांचे विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना बाबासाहेबांनी १९४६ मध्ये लिहिलं. नॅशनल निग्रो काँग्रेसनं संयुक्त राष्ट्रांकडं अर्ज केलाय असं कळतं, अस्पृश्यही तसं करायच्या विचारात आहेत, तर त्या अर्जाच्या दोन-तीन प्रती मिळतील का? ३१ जुलै १९४६ ला ड्यू बॉइसचं उत्तर गेलं. ही दोन्ही पत्रं आज मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात, ड्यू बॉइसच्या कागदांत आहेत, आणि कुणालाही बघता येतात. पँथर निघाली १९७२ ला. त्याच्या सव्वीस वर्षं आधी बाबासाहेबांनी तो धागा पकडला होता. आणि त्याचा पुरावा सापडतो कुठं, तर सातासमुद्रापार. काळ्या माणसानं आलेलं पत्र जपलं, पाठवलेल्याची नक्कल जपली. आपण हे शिकायला पाहिजे.

इथं आपल्याकडं विद्यापीठ नव्हतं. इथं माणसं होती.

त्यात माझ्या मते पहिला नंबर नाशिकच्या भाऊराव गायकवाडांचा, म्हणजे आपल्या दादासाहेबांचा. बाबासाहेबांनी त्यांना वर्षानुवर्षं लिहिलं. माणूस सत्याग्रहात, तुरुंगात, दौऱ्यात. तरी पत्रं राहिली. त्यातलं ३ मार्च १९३४ चं पत्र प्रत्येक कार्यकर्त्यानं वाचावं. काळाराम मंदिराचा सत्याग्रह २ मार्च १९३० ला सुरू झाला, म्हणजे चार वर्षं आणि एक दिवस झाला होता. भाऊराव पुढं काय करायचं ते विचारतायत. बाबासाहेब कळवतात की आपल्या लोकांनी मूर्तिपूजक व्हावं म्हणून ही चळवळ मी काढलीच नव्हती. देवळात गेल्यानं आपण बरोबरीचे होऊ असंही मला कधी वाटलं नाही. लोकांना हलवायला, त्यांना आपली जागा कळायला तो मार्ग बरा होता. ते काम झालं. आता ताकद राजकारणात आणि शिक्षणात लावा.

आता बोला. हे पत्र गेलं असतं तर काय झालं असतं? शाळेच्या पुस्तकात काळाराम म्हणजे देवदर्शनासाठी तळमळणारी भोळी माणसं, एवढंच उरलं असतं. तसं लिहिणारे होतेच, अजून आहेत. एक पान कागद त्यांच्या आडवा उभा राहतो. तो कागद भाऊरावांनी जपला.

दुसरा माणूस चांगदेव भवानराव खैरमोडे. विद्यार्थीदशेपासून बाबासाहेबांच्या जवळचा. पुढं नोकरी सांभाळून जन्मभर कागद गोळा करत राहिला. चरित्राचा पहिला खंड १९५२ ला निघाला, बाबासाहेब हयात असताना. १९७१ ला खैरमोडे गेले, काही खंड त्यांच्या पश्चात आले. एकूण बारा. पंडित लोक नाक मुरडतात की खैरमोड्यांना निवड नाही, जे सापडलं ते कोंबलं. अरे, कोंबलं म्हणून तर राहिलं! निवड करत बसले असते तर निम्मं आज नसतं. रसाळ चरित्र दुसरेही लिहितील. त्या वेळी गरज होती ती भंगारवाल्याच्या आधी पोचणाऱ्या माणसाची.

शंकरराव खरातांनी बाबासाहेबांच्या पत्रांचा संग्रह मराठीत काढला. भुसावळच्या रत्नाकर गणवीरांनी 'बहिष्कृत भारता'तले अग्रलेख शोधून १९७६ मध्ये पुस्तक केलं. तिकडं पंजाबात जालंधरला लाहोरीराम बाली सरकारी नोकरी सोडून 'भीम पत्रिका' चालवत होते. भगवान दास यांनी १९६३ पासून बाबासाहेबांच्या भाषणांची पुस्तकं काढली ती तिथूनच. १९९३ मध्ये सुरेंद्र अज्ञात यांनी संपादलेला बाबासाहेबांच्या इंग्रजी पत्रांचा संग्रहही तिथलाच. महाराष्ट्रातल्या माणसाला हे फार ठाऊक नसतं. बाबासाहेब म्हणजे आपली जहागीर, अशी आपली समजूत. पण पत्रांच्या बाबतीत जालंधरच्या एका छोट्या प्रकाशनानं जे केलं ते इथल्या मोठमोठ्या प्रकाशकांना सुचलं नाही. सुचणार कसं? त्यांच्या दुकानात बाबासाहेबांना गिऱ्हाईक आहे हे त्यांना फार उशिरा कळलं.

आणि बाबासाहेबांच्या स्वतःच्या घरातले कागद? ते वाचताना छाती दडपते. ६ डिसेंबर १९५६ नंतर दिल्लीच्या २६ अलीपूर रोडवरचे कागद वारसाच्या भांडणात अडकले, कोर्टाच्या ताब्यात गेले, पेट्यांत बंद झाले. त्या पेट्यांत न छापलेले ग्रंथ होते, टिपणं होती, पत्रं होती. बाहेर त्यांच्या नावानं पक्ष फुटत होते, एकाचे चार होत होते, प्रत्येकजण आपण खरा वारस म्हणून ओरडत होता. खरा वारसा कुलपात होता आणि किल्ली कुणी मागत नव्हतं. शेवटी कोर्टकचेऱ्या झाल्या, वारसांनी परवानगी दिली. १९७६ ला महाराष्ट्र सरकारनं समिती नेमली, आणि १४ एप्रिल १९७९ ला लेखन आणि भाषणांचा पहिला इंग्रजी खंड आला. त्यामागं वसंत मून नावाचा नागपूरच्या वस्तीतला माणूस होता. सरकारी अधिकारी, पण बसला कागदांपाशी. चौथ्या खंडात त्याच पेट्यांतलं हिंदू धर्मातल्या कोड्यांचं लिखाण १९८७ ला छापलं, आणि १९८८ च्या सुरुवातीला मुंबईत मोर्चे आणि प्रतिमोर्चे निघाले. लाखो लोक रस्त्यावर आले ते एका परिशिष्टासाठी. छापलेल्या कागदाची ताकद काय असते ते तेव्हा दिसलं.

पत्रांच्या वाट्याला मात्र असा मोर्चा आला नाही. ती मागच्या दारानं, तुकड्यातुकड्यानं आली. १९८२ ला सरकारनं चळवळीच्या साधनांचा पहिला खंड काढला, त्यात काही. २००३ ला सतरावा खंड तीन भागांत आला, त्यात काही. पत्रव्यवहाराचा वेगळा खंड त्यानंतरचा. १९८२ च्या त्या साधनखंडात एक गंमत आहे. आपल्या सभांची माहिती त्यात आहे ती बरीचशी पोलिसांच्या गुप्त अहवालांतून आणि वर्तमानपत्रांतून घेतलेली. म्हणजे आपल्या आज्याचं भाषण आपण लिहून ठेवलं नाही, ते गोऱ्या सरकारच्या हवालदारानं ठेवलं. पाळतीवर आलेला माणूस आपला इतिहासकार झाला!

सरकारवर किती विसंबायचं हेही कळलं पाहिजे. डिसेंबर २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाला वर्तमानपत्रातली बातमी वाचून स्वतःहून दखल घ्यावी लागली. बाबासाहेबांच्या खंडांसाठी कोट्यवधी रुपयांचा कागद घेऊन ठेवलेला आणि छपाई रखडलेली. कागद गोदामात, वाचणारा दारात. दीक्षाभूमीवर आणि चैत्यभूमीवर लोक हे खंड घ्यायला रांगा लावतात, हे ज्यानं पाहिलंय त्याला याचा संताप कळेल.

आता धम्माच्या पत्रांकडं येतो, कारण मला सगळ्यात जास्त तीच बोलतात. १९५६ चा सप्टेंबर. 'बुद्ध आणि त्याचा धम्म' छापून होत आलाय, खर्च मोठा. १४ सप्टेंबरला बाबासाहेब पंतप्रधान नेहरूंना लिहितात की बुद्धजयंतीचं अडीच हजारावं वर्ष आहे, ग्रंथालयांसाठी आणि येणाऱ्या पाहुण्यांसाठी सरकारनं पाचशे प्रती घ्याव्यात. दुसऱ्या दिवशी नेहरूंचं उत्तर: प्रकाशनासाठी ठेवलेली रक्कम संपली; तुमचं पत्र राधाकृष्णन यांच्याकडं पाठवतो. पाचशे प्रती! बुद्धाच्या नावानं देशभर सोहळा चाललाय आणि बुद्धावरच्या या ग्रंथाला पैसा नाही. ग्रंथ निघाला १९५७ ला, लिहिणारा गेल्यावर. त्यासाठी बाबासाहेबांनी लिहिलेली प्रस्तावना त्या आवृत्तीत नव्हतीच. ती पुढं भगवान दास यांनी उजेडात आणली.

२३ सप्टेंबरला दीक्षेची तारीख जाहीर झाली, २४ ला कुशिनाराच्या भिक्खू चंद्रमणींना पत्र गेलं. नागपुरात वामनराव गोडबोले आणि त्यांचे सोबती जागा, मांडव, पाणी बघत पळत होते. १४ ऑक्टोबरला काय झालं ते आपल्या प्रत्येक घरात सांगितलं जातं. पण ३० ऑक्टोबरचं पत्र किती जणांनी वाचलंय? महाबोधी सोसायटीच्या वलिसिंहांना बाबासाहेब लिहितात की लोक अपेक्षेपेक्षा फार जास्त आले, आणि आता विचार करायचा आहे तो या लोकांना धम्माचं ज्ञान कसं द्यायचं याचा. सोळा दिवसांपूर्वी लाखोंनी जयजयकार केलाय आणि माणूस विजयावर बोलत नाही, शिकवणी कोण घेणार याची काळजी करतो. त्यानंतर पाच आठवड्यांनी ते गेले. वंदना पाठ झाली म्हणून आपलं भागलं असं मानणाऱ्यांनी हे पत्र विहारात लावावं.

एक अवघड गोष्ट बोलायची राहिली. खाजगी पत्रं छापावीत का? रमाईला विलायतेहून लिहिलेली पत्रं थोडीच मिळतात. १९४८ मध्ये लग्नाआधी डॉ. शारदा कबीर यांना लिहिलेल्या पत्रांबद्दल माईसाहेबांनी १९९० च्या आत्मचरित्रात सांगितलं. काहींना ते आवडलं नाही. बाबासाहेबांचं असं बाहेर कशाला काढायचं, म्हणाले. मला उलट वाटतं. दुखणाऱ्या पायांचा, एकटा, थकलेला माणूस ज्या पत्रांत दिसतो ती दडवली, तर आपल्याजवळ उरतो तो फक्त निळ्या कोटातला पुतळा. पुतळ्याला हार घालता येतो, त्याच्याकडून काही शिकता येत नाही.

पण त्याचा दुसरा धोका आज मोबाईलवर आहे. रमाईच्या नावानं बाबासाहेबांची लांबलचक रडवी पत्रं फिरतात. भाषा अलीकडच्या कवीची, भावना आजच्या नाटकाच्या. लेखकानं कल्पनेनं लिहिलेलं साहित्य म्हणून ती वाचा, काही चांगलीही आहेत. पण कुठं छापलं, मूळ कुठं, तारीख काय, याचा पत्ता नसताना ते खरं पत्र म्हणून पुढं ढकललं की आपणच आपल्या पुराव्यात भेसळ करतो. उद्या कुणी भाऊरावांचं पत्रही खोटं म्हणाला तर त्याच्या तोंडावर काय मारणार? कीर्तनकारांनी संतांच्या नावावर काय काय घुसडलं हे आपण हसत सांगतो ना?

आणि सगळ्यात मोठं काम अजून कुणी हाती धरलेलं मला दिसत नाही. पत्रव्यवहाराला दोन बाजू असतात. बाबासाहेबांनी लिहिलेली पत्रं आपण शोधतो, बाबासाहेबांना आलेली? 'बहिष्कृत भारत' आणि 'जनता'चे जुने अंक काढून बघा. गावोगावची गाऱ्हाणी तिथं छापलीत. पाणी भरू देत नाहीत, मढी ओढली नाही म्हणून बहिष्कार टाकला. ज्याला लिहिता येत नव्हतं त्यानं मास्तराकडून, नाहीतर पोराकडून लिहून घेतलं असेल. तो सगळा पत्रव्यवहारच आहे. बाबासाहेबांची धार त्या कागदांवर लागली. त्या लिहिणाऱ्यांची नावं कुठल्या खंडाच्या सूचीत नाहीत.

म्हणून जे गोळा करायला जाणार असतील त्यांना चार गोष्टी सांगतो. मूळ कागद मागू नका. मागितला की माणूस बिचकतो, आणि बिचकणं बरोबर आहे, आपल्याच पुढाऱ्यांनी नेलेले कागद परत आलेले नाहीत. त्याच्याच घरात, उजेडात फोटो काढा, दोन्ही बाजूंचा. पाकीट असेल तर आधी पाकिटाचा, कारण तारीख कित्येकदा फक्त टपालाच्या शिक्क्यावर असते. चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन तर अजिबात नको. त्यात कागद कायमचा अडकतो. उतरवून घेताना शुद्धलेखन सुधारू नका. कागद कुणी दिला, त्याच्याकडं कुणाकडून आला, हे त्याच्याच शब्दांत खाली लिहा. आणि पत्रात चळवळीतल्या कुणाची निंदा सापडली तर ती गाळू नका. स्वल्पविरामाची गोष्ट वर सांगितलीच आहे.

मागच्या पावसाळ्यात आमच्या भागात आम्ही तिघं फिरलो. अकरा घरं झाली. बाबासाहेबांचं पत्र एकही मिळालं नाही. एका घरात 'जनता'चे सात अंक मिळाले, वाळवीनं कडा खाल्लेले. दुसऱ्या घरात एक म्हातारी म्हणाली, सासऱ्यानं बाबांना पत्र धाडलं होतं विहिरीबद्दल, उत्तर आलं होतं, ते फोटोच्या मागं ठेवलं होतं, फोटो पुरात गेला. साल तिला सांगता येईना. तिच्या थोरल्याच्या जन्माआधीचं, एवढंच ठाऊक. आम्ही तेही वहीत लिहून घेतलं, गावाच्या नावासकट. आता त्या गावाचं नाव 'जनता'त शोधायचं चालू आहे. १९३४ पर्यंतचे जेवढे अंक मिळाले तेवढे बघून झालेत.